पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत आणि माझी दोनशे प्रश्नांची वही



मार्चमध्ये जॅमचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. यंदा पहिला फोन एका आईचा होता. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, लेखी परीक्षेत चांगले गुण, आणि आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएस्सीत, इंटिग्रेटेड पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं येईल अशी आशा. ताई म्हणाल्या, "सर, तिथे विषयाचे प्रश्न कोणते विचारतात त्याची यादी असेल ना तुमच्याकडे? मी येऊन झेरॉक्स काढून घेते."

यादी आहे माझ्याकडे. दोनशे पानी वही, दर पानाला एक प्रश्न आणि खाली नीट लिहिलेलं उत्तर. जुन्या विद्यार्थ्यांकडून विचारून विचारून जमवलेली. पण ती वही मी आता कुणाला देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी ज्यांना या मुलाखतींची कल्पना नाही अशा पालकांसाठी थोडक्यात. बी.एस्सी.नंतर जॅमच्या गुणांवर आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं असेल तर सहसा मुलाखत नसते, गुणानुक्रमे जागा मिळते. पण संशोधनाच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षा ही फक्त चाळणी असते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), पुण्यातली आयुका आणि एनसीआरए, बेंगळुरूची आयआयएस्सी, या सगळ्यांकडे लेखी परीक्षेनंतर समोरासमोर बसून विषयाचे प्रश्न विचारले जातात. टेबलापलीकडे तीन-चार प्राध्यापक, शेजारी फळा, हातात खडू. अर्धा-पाऊण तास. "तुमची बलस्थानं सांगा", "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" असलं फारसं काही नसतं. थेट विषय.

आणि इथेच आपली मुलं अडखळतात. हुशार मुलंसुद्धा. मी तर म्हणेन, हुशार आणि पाठांतर चांगलं असलेली मुलं जास्त.

वहीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजचा एक मुलगा अशाच एका मोठ्या संस्थेत मुलाखतीला गेला. तालुक्याच्या गावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मेहनती. मी त्याला ती वही दिली. त्याने दोन महिन्यांत सगळी तोंडपाठ केली. मी रोज संध्याकाळी मधूनच पान उघडून प्रश्न विचारायचो, तो धडाधडा उत्तरं द्यायचा. मला वाटलं, तयारी झाली. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त खात्री होती.

पॅनेलने विचारलं, आवडता विषय कोणता? तो म्हणाला, क्लासिकल मेकॅनिक्स. बरं, साध्या लंबकाचा दोलनकाल लिहा. त्याने लिहिला: दोन पाय गुणिले, लांबी भागिले जी याचं वर्गमूळ. मग एकाने विचारलं, पोकळ गोळ्यात पाणी भरलंय आणि खालच्या छिद्रातून ते हळूहळू गळतंय, तर दोलनकालाचं काय होईल? हा प्रश्न वहीत होता. आधी गुरुत्वमध्य खाली सरकतो, लंबकाची परिणामी लांबी वाढते, दोलनकाल वाढतो. पाणी संपत आलं की गुरुत्वमध्य परत वर येतो आणि दोलनकाल मूळ पदावर. पोराने झकास सांगितलं.

मग दुसऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही. का नाही?"

तो गप्प.

थोड्या वेळाने म्हणाला, "सर, सूत्रात येतच नाही." ते म्हणाले, हो, ते दिसतंय, पण का येत नाही? त्यांनी मदतही केली: स्प्रिंगला टांगलेल्या वस्तूच्या सूत्रात वस्तुमान येतं ना? मग इथे काय वेगळं आहे? तो फळ्याकडे बघत राहिला. पुढचा सगळा वेळ त्याला त्या एका प्रश्नातून बाहेरच पडता आलं नाही.

परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, हा प्रश्न वहीत नव्हता." एवढंच. तक्रार म्हणून नाही म्हणाला तो, नुसतं सांगितलं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. वहीत अवघड प्रश्न होते, चकवणारे प्रश्न होते, पण सोप्या प्रश्नाच्या खालचा ‘का’ नव्हता. आणि मी फिजिक्स इतकी वर्षं शिकवतोय, तरी त्याला तो कधी विचारला नव्हता. दोष त्याचा नव्हता आणि पॅनेलचाही नव्हता.

एक लंबक, आठ प्रश्न

तेव्हापासून मी तयारी उलटी करून घेतो. दोनशे प्रश्नांची उत्तरं नाही, तर एका प्रश्नाच्या खाली उतरत जायचं, जिथपर्यंत पाय टेकत नाहीत तिथपर्यंत. लंबकाचंच उदाहरण घेऊ, कारण बारावीपासून तो सगळ्यांना माहीत असतो. शिक्षकांनी हे वर्गात करून बघावं, एक तास पुरणार नाही.

पहिली पायरी तीच, वस्तुमान का नाही? लंबकाला मधोमध परत आणणारं बल हे गोळ्याच्या वजनाचाच एक भाग आहे, म्हणजे ते वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं. आणि गोळ्याला हलवायला जे जडत्व आडवं येतं तेही वस्तुमानाच्याच प्रमाणात. दुप्पट जड गोळ्याला दुप्पट बल ओढतं, पण तो हलायलाही दुप्पट जड. दोन्हीकडून वस्तुमान कटतं. स्प्रिंगमध्ये मात्र ओढणारं बल स्प्रिंगच्या कडकपणावर ठरतं, वस्तूच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. म्हणून तिथे वस्तुमान उरतं. मुलाला एवढं सांगता आलं तर प्राध्यापकांचा चेहरा बदललेला दिसेल.

आता खाली उतरा. वजन ठरवणारं वस्तुमान आणि जडत्व ठरवणारं वस्तुमान ही दोन एकच आहेत हे कशावरून? हा प्रश्न दिसतो साधा, पण आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतावादाचा पाया इथे आहे. न्यूटनला हा प्रश्न पडला होता, आणि त्याने तो लंबकानेच तपासला. १६८७ च्या प्रिन्किपियात त्याने लिहिलंय, की अकरा फुटी दोरीला सारख्या आकाराच्या दोन लाकडी पेट्या टांगल्या, एकीत लाकूड भरलं, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं. मग चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी, गहू. दोन्ही पेट्या बराच वेळ बरोबरीने झुलत राहिल्या. गव्हाचा उल्लेख वर्गात केला की शेतकऱ्यांची पोरं हसतात आणि मग ते कायमचं लक्षात राहतं.

तिसरी पायरी. सूत्र न सोडवता, फक्त एककं बघून दोलनकाल काढता येईल का? आपल्याकडे लांबी आहे (मीटर), जी आहे (मीटर भागिले सेकंदाचा वर्ग), वस्तुमान आहे (किलोग्रॅम). उत्तर सेकंदात हवं. लांबीला जीने भागलं तर सेकंदाचा वर्ग मिळतो, त्याचं वर्गमूळ घेतलं की सेकंद. किलोग्रॅम कटवायला दुसरी कुठलीच किलोग्रॅमवाली राशी नाही, म्हणजे वस्तुमान येऊच शकत नाही. बघा, पहिल्या पायरीचं उत्तर दुसऱ्या वाटेने मिळालं. पण ते दोन पाय? ते या रीतीने मिळत नाही, त्यासाठी गणित सोडवावं लागतं. कुठल्या रीतीने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे मुलाने आपणहून म्हणायला हवं.

चौथी पायरी माझी आवडती. लंबक जास्त लांब खेचून सोडला तर? बहुतेक मुलं म्हणतात, दोलनकाल आयामावर अवलंबून नाही. पुस्तकात तसंच असतं, पण तिथे ‘लहान कोनासाठी’ हे शब्द असतात आणि ते कुणी वाचत नाही. एककांच्या युक्तिवादाने आयामाला नकार देता येत नाही, कारण कोनाला एककच नाही. आणि खरोखरच, ९० अंशांपर्यंत खेचून सोडला तर दोलनकाल सूत्रापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त भरतो. वाढतोच का, कमी का होत नाही? कारण मोठ्या कोनाला मागे ओढणारं बल कोनाच्या प्रमाणात वाढत नाही, साइन मागे पडतो. ओढ कमी, म्हणून परत यायला उशीर.

मग चंद्रावर नेऊ. तिथे जी साधारण एक षष्ठांश, म्हणून दोलनकाल सहाच्या वर्गमूळाइतका, जवळजवळ अडीचपट. हे सगळे सांगतात, इथे रेंगाळायचं कारण नाही. लिफ्ट वर जाताना वेग घेतेय? जी वाढल्यासारखा वागतो. दोर तुटून लिफ्ट खाली पडतेय? इथे मुलं म्हणतात, "दोलनकाल अनंत." सूत्रात शून्य घातलं की अनंत येतं, बरोबर. पण डोळ्यांना काय दिसेल? गोळा जिथे सोडाल तिथेच थांबेल. आणि सोडताना त्याला धक्का दिला तर? तर तो दोरीच्या टोकाला सारख्या वेगाने गोल गोल फिरत राहील. ‘अनंत’ हा शब्द लिहिणं आणि हे चित्र डोळ्यापुढे येणं यात फार फरक आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याला तो लगेच कळतो.

शेवटी बस. बस सुटताना छताला टांगलेला लंबक मागे कलतो. किती? आणि त्या कललेल्या स्थितीभोवती झुलवला तर दोलनकाल वाढेल की घटेल? बसमधल्या माणसाच्या दृष्टीने जी आणि बसचा प्रवेग मिळून एक तिरपा, मोठा जी तयार झाला, म्हणून दोलनकाल घटेल. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवतो. वरच्या पायऱ्या ज्याने स्वतः चढल्यात त्याला तो दोन मिनिटांत सुटतो. ज्याने वहीतून पाठ केलंय तो विचारतो, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

गणितवाल्यांसाठी

गणिताच्या मुलाखतींचंही असंच. वर्गमूळ दोन अपरिमेय आहे हे सिद्ध करा, हे अकरावीच्या मुलालाही येतं. समजा ते पी भागिले क्यू असा अतिसंक्षिप्त अपूर्णांक आहे, मग पीचा वर्ग बरोबर दोन क्यू वर्ग, म्हणून पीच्या वर्गाला दोनने भाग जातो, म्हणून पीला जातो, मग क्यूलाही जातो, विसंगती. उत्तम. आता हीच सिद्धता वर्गमूळ चारसाठी लिहा. वर्गमूळ चार तर दोन आहे, म्हणजे सिद्धता कुठेतरी मोडायलाच हवी. नेमकी कोणत्या ओळीत?

आमच्या गणिताच्या मॅडमनी हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारला तेव्हा अर्धा वर्ग म्हणाला, चार परिपूर्ण वर्ग आहे म्हणून. ते कारण खरं आहे, पण प्रश्नाचं उत्तर नाही. मोडते ती ओळ अशी: ‘पीच्या वर्गाला चारने भाग जातो म्हणून पीला चारने जातो.’ सहा घ्या. छत्तीसला चारने भाग जातो, सहाला जात नाही. झालं. मग पुढे विचारा, सहाच्या वर्गमूळाला सिद्धता चालेल का, सहा तर मूळ संख्या नाही? चालते, कारण दोन आणि तीन दोन्हींनी पीला भाग जातो. आणि बाराला? बाराला ती ओळ मोडते (छत्तीसला बाराने भाग जातो, सहाला नाही), पण वर्गमूळ बारा तरीही अपरिमेयच आहे! म्हणजे सिद्धता मोडली म्हणून विधान खोटं ठरलं नाही, दुसरी सिद्धता शोधावी लागेल. एवढ्यात एका मुलीचे डोळे चमकले की मॅडमचा तास वसूल.

मूळ संख्या अनंत आहेत, याच्या सिद्धतेतही एक गोम आहे. मुलं सर्रास म्हणतात, पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवला की नवी मूळ संख्या मिळते. करून बघा: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार अधिक एक म्हणजे ३००३१, आणि ते ५९ गुणिले ५०९ आहे. सिद्धतेत ‘ती संख्या मूळ आहे’ असा दावा नसतोच. तिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरची असते, एवढाच असतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलांनी तरी हे फरक ओठांवर ठेवावेत.

रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण सहकाऱ्यांना विचारून दोन प्रश्न टिपून ठेवलेत. मिठाच्या खड्यातून वीज वाहत नाही, मिठाच्या पाण्यातून वाहते, मग वितळलेल्या मिठातून वाहील का आणि का? आणि हत्तीएवढी मुंगी का असू शकत नाही? (लांबी दहापट झाली की पायाचा छेद शंभरपट, पण वजन हजारपट. मुंगी श्वास कसा घेते तेही बघा.) दुसऱ्या प्रश्नावर घरात लहान भावंडंसुद्धा गप्पा मारायला बसतात.

आकड्यांचा अंदाज

एक प्रकार असा की ज्याची तयारी जवळपास कुणीच करत नाही. या खोलीतल्या हवेचं वजन किती, असं विचारलं तर? मी वर्गात विचारतो तेव्हा उत्तरं येतात शंभर ग्रॅम, दोन किलो, फार तर पाच किलो. आता बसून काढू. वर्ग सहा मीटर बाय पाच मीटर, उंची तीन मीटर, म्हणजे ९० घनमीटर. एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो. म्हणजे १०८ किलो! वर्गातल्या सगळ्यात जाड मुलापेक्षा जास्त. कुणाचाच विश्वास बसत नाही.

किंवा, माणूस किती वॅटचा? दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी अन्न, म्हणजे जवळजवळ ८४ लाख जूल. दिवसात ८६,४०० सेकंद. भागाकार शंभराच्या आसपास. म्हणजे आपण प्रत्येक जण जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बएवढे. म्हणूनच भरलेल्या एसटीत खिडक्या बंद केल्या की उकडतं.

यात बरोबर आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की मुलाने गृहीतं मोठ्याने सांगावीत: "खोली एवढी धरतो, हवेची घनता एवढी धरतो." चूक झाली तर ती दिसते आणि दुरुस्त करता येते. नुसता आकडा फेकला तर कुणालाच काही कळत नाही.

‘माहीत नाही’ कसं म्हणायचं

यावर पालकांचा सगळ्यात जास्त घोळ असतो. "माहीत नाही म्हणायचं नाही, काहीतरी सांगायचंच," असं घरी शिकवून पाठवतात. असं करू नका. प्राध्यापकांना थाप लगेच कळते, कारण पुढचा प्रश्न त्या थापेवरच येतो.

पण नुसतं "नो सर" म्हणून थांबणंही पुरेसं नाही. "मला हे माहीत नाही, पण मला वाटतं याचा ऊर्जेशी संबंध असावा, कारण..." इथून पुढे मुलाखत सुरू होते. पॅनेलवर बसलेली माणसं पुढची पाच-सहा वर्षं या मुलासोबत काम करायचं की नाही ते बघत असतात. संशोधनात रोजच ‘माहीत नाही’ असतं. त्यांना बघायचं असतं की तिथून हा काय करतो. आणि ते इशारा देतात तेव्हा तो घेतो का. आमच्या त्या मुलाला स्प्रिंगचा इशारा दिला होता, आठवतंय? तो मदतीचा हात होता. त्याला वाटलं, आणखी एक प्रश्न आला. इशारा ओळखायला शिकवणं हीसुद्धा तयारीच, आणि ती मी तेव्हा केली नव्हती.

आवडता विषय सांगतानाही सांभाळून. मुलं ब्लॅक होल, क्वांटम एन्टँगलमेंट असली भारी नावं घेतात, कारण यूट्यूबवर बघितलेलं असतं. मग पॅनेल विचारतं, बरं, हायड्रोजनची भूस्थितीतली ऊर्जा किती, आणि ती ऋण का? ज्या विषयाच्या खाली चार पायऱ्या उतरता येतात तोच आवडता म्हणून सांगावा. अर्जात लिहिलेला प्रोजेक्ट, समर स्कूल, अगदी एक ओळ लिहिलेली असली तरी त्यावर विचारतात. जे स्वतः केलं नाही ते अर्जात नसावं.

भाषेचा अडसर

हे माझ्या मनाला लागतं म्हणून थोडं जास्त लिहितो. आपल्याकडे विज्ञान शाखेत पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, पण वर्गातलं समजावणं मराठीत. मी स्वतः तसंच शिकवतो आणि त्याची लाज वाटत नाही. पोरांना कळतं ते मराठीतच. पण त्याचा परिणाम असा, की मुलाने इंग्रजीत लिहिलेलं असतं, ऐकलेलं मराठीत असतं, आणि इंग्रजीत मोठ्याने समजावून सांगितलेलं कधीच नसतं. मुलाखतीत पहिल्यांदाच ते करायची वेळ येते. मग प्रवेग कळलेला असूनही ‘अॅक्सिलरेशन’च्या पुढे वाक्य सरकत नाही.

मी आता एकच गोष्ट तीनदा बोलायला लावतो. आधी मराठीत, मनमोकळं. मग तीच इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत. व्याकरण चुकलं तरी मी टोकत नाही. तिसऱ्यांदा फळ्यावर आकृती काढत, कमीत कमी शब्दांत. तिसरी वेळ बहुतेक सगळ्यात चांगली होते. आकृती आणि समीकरण बरोबर असेल तर शब्दांचं ओझं निम्मं कमी होतं. "लेट मी ड्रॉ अ फिगर" आणि "कॅन आय थिंक फॉर अ मिनिट" ही दोन वाक्यं मात्र न चुकता, न अडखळता यायला हवीत. मिनिटभर विचार करायला वेळ मागितला म्हणून कुणी गुण कापत नाही. आमच्या मुलांना वेळ मागायचीही भीती वाटते, कारण वर्गात आम्हीच तशी सवय लावलीय. प्रश्न विचारला की दोन सेकंदांत पुढच्या बाकाकडे वळतो. मीसुद्धा.

घरी काय करता येईल

फोनवरच्या त्या ताईंना मी सांगितलं, यादी नाही, पण एक काम तुम्हीच करू शकता. रोज मुलीला एक गोष्ट समजावून सांगायला लावा, आणि कळेपर्यंत "का?" विचारत राहा. त्या म्हणाल्या, "सर, मी बारावी आर्ट्स. मला काय कळणार फिजिक्समधलं?" मी म्हटलं, म्हणूनच.

आठवड्याने त्यांचा परत फोन आला. हसत होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातूनच सुरुवात केली होती. "मी तिला विचारलं, कुकरची शिट्टी झाली की मी गॅस बारीक करते, तरी डाळ तेवढ्याच वेळात शिजते. कसं काय?" मुलीने आधी सांगितलं की कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. आई म्हणाली, ते ठीक, पण गॅस बारीक केल्यावर तापमान कमी नाही का होत? मुलगी अडकली. मग दोघी बसल्या. शेवटी मुलीला सापडलं: एकदा त्या दाबाला पाणी उकळायला लागलं की आच कितीही वाढवा, तापमान तेवढंच राहतं, जास्तीची उष्णता फक्त जास्त वाफ करून शिट्ट्या वाजवते. बारीक गॅस फक्त बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यापुरता पुरतो. मग आईनेच पुढचा प्रश्न काढला: आमचे भाऊजी लेहला फौजेत होते, तिथे कुकरशिवाय भात शिजत नाही म्हणायचे, ते यामुळेच का? साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. बारावी आर्ट्सच्या आईने फेज ट्रान्झिशनवर मुलीची अशी मुलाखत घेतली, की माझ्या वहीत तेवढा चांगला प्रश्न नव्हता.

शिक्षकांना माझी विनंती वेगळी आहे. महिन्यातून दोनदा, कॉलेज सुटल्यावर, फक्त पाऊण तास. दोन शिक्षक, शक्यतो वेगवेगळ्या विषयांचे, एक विद्यार्थी फळ्यापाशी, बाकीचे बघायला. फिजिक्सच्या मुलाला गणिताच्या मॅडमनी विचारावं, म्हणजे त्याला गृहीत धरून बोलता येत नाही. बरोबर उत्तर आलं की थांबू नका, खाली उतरा. आणि तुम्हाला स्वतःला उत्तर येत नसेल असा प्रश्नही विचारा, मग मुलांसमोर फळ्यावर अडखळत सोडवा. पहिल्यांदा मी ते केलं तेव्हा घाम फुटला होता. पण सर इशारा कसा घेतात, चुकलं तर मागे कसे येतात, हे मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तो पहिला मुलगा आता एका विद्यापीठातून एम.एस्सी. करून शेजारच्या तालुक्यात शिकवतो. मधे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मी दरवर्षी पहिल्या तासाला लंबकच घेतो." वही त्याच्याकडेच राहिली होती. ती त्याने परत आणून दिली, कपाटात आहे.

यंदा आमच्याकडे चार जण मुलाखतींच्या तयारीत आहेत, त्यात त्या ताईंची मुलगीही. सोमवारी पहिली बैठक. पहिला प्रश्न खोलीतल्या हवेच्या वजनाचा नसेल, कारण चौघंही हा लेख वाचणार आहेत.